तीन नंबरचं टेबल

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि आजची गोष्ट पेंगत ऐकायची नाही. राजाची नाही, राणीची नाही. टेलिफोन एक्सचेंजातल्या दोन बायांची आहे. त्यातली एक देवाघरी गेली. दुसरीला देवानं मागे ठेवलं, ते एका कामासाठी. ते काम काय होतं आणि तिनं ते कसं पार पाडलं, तेवढं सांगतो.

मागे राहिली ती आत्या. भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची म्हणून अख्खी गल्ली आत्या म्हणायला लागली. एकतीस वर्षं तिनं एक्सचेंजात काढली. तेव्हा फोन उचलला की आधी ऑपरेटरचा आवाज यायचा, आणि तिनं फळीवर प्लग खोचला की मग पलीकडचा माणूस भेटायचा. ओळीनं दहा टेबलं. कानाला हेडफोन लावलेल्या बायांना नावानं हाका मारायला सवड कुठली? टेबलाचा नंबर तेच नाव. आत्या म्हणजे सात नंबर. तिला काम शिकवणारी, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी बाई म्हणजे तीन नंबर.

निवृत्तीनंतर आत्याचे हात रिकामे झाले. तोंड मात्र नाही. भाची वरच्या मजल्यावर राहायची, शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं एके रविवारी सकाळी आत्याला वाचनालयात नेलं. तिथे इंटरनेटवरच्या विश्वकोशात लिहायला शिकवत होते; असा विश्वकोश, की जो कुणीही वाचावा आणि कुणीही सुधारावा.

"कुणीही?" आत्यानं विचारलं.

"कुणीही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "सदस्यनाव काय घेता, मावशी?"

"सात नंबर."

"बाकीचे सहा कुठे आहेत?" भाचीनं विचारलं आणि कोपराचा एक ढोसा खाल्ला.

आता बघा, पोहायला शिकणारा काठाकाठानं जातो. आत्या थेट डोहात. तिनं शोधलं ते आपल्याच नदीच्या जुन्या पुराचं पान. त्यात एक ओळ होती, की खालच्या गावांना वेळेत इशारा मिळाला आणि माणसं वाचली. इशारा कुणी दिला, त्याचा पत्ता नाही. आत्यानं चष्मा पुसला आणि एका बोटानं टकटक करत पाऊण तासात लिहिलं: 'हा इशारा तीन नंबरच्या टेबलावरील थोर आणि शूर ऑपरेटरने दिला.' पुढे तीन नंबरचं पूर्ण नाव. 'मी स्वतः तिथे होते. कळावे, आपली विश्वासू, सात नंबर.' आणि 'जतन करा' असं लिहिलेलं बटण दाबलं.

चार मिनिटांत सगळं गायब.

भाचीनं पानाचा इतिहास उघडून दाखवला. तिथे कुणी काय बदललं त्याची ओळन् ओळ असते. 'शाईचा डाग' अशा सदस्यनावाच्या कुणीतरी लिहिलं होतं: 'बदल उलटवला. स्रोत दिलेला नाही. विश्वकोशात मी हा शब्द नसतो आणि सहीही नसते.'

"हा कोण मेला?" आत्या कडाडली.

"मेला की मेली, कोण जाणे."

"नाव मात्र शोभतंय!"

ग्रंथपालबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "रागावू नका. इथे मोठा प्राध्यापक आला तरी त्यालाही हेच विचारतात, की हे छापलंय कुठे?"

"म्हणजे छापलं नाही ते घडलंच नाही?"

"घडलं की. पण उद्या परक्या गावचं माणूस हे वाचेल. त्याला तुम्ही कोण, ठाऊक नाही. त्यानं तुमच्या शब्दावर का विसंबावं? त्याला स्वतः ताडून बघता यायला हवं."

आत्याला पटलं नाही. पण डोक्यात राहिलं.

बुधवारी संध्याकाळी भाची जिन्यावरून धडधडत खाली आली. "आत्या! तू विश्वकोशात!"

शाईच्या डागानं आत्याचं लिहिणं काढलं होतं, पण सोडून दिलं नव्हतं. त्यानं जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली होती आणि बातमी शोधून काढली होती. आता पानावर लिहिलं होतं, की इशारा तीन नंबरच्या टेबलावरच्या ऑपरेटरनं दिला. आणि पुढे नाव? आत्याचं! खाली वर्तमानपत्र, तारीख, पान, सगळं नीटनेटकं. शेजारी टीप: 'नवीन सदस्याच्या सूचनेवरून शोध घेतला. नाव दुरुस्त केले.'

रविवारी आत्यानं दुसरीचं नाव लिहिलं तो भाचीला विनयच वाटला होता; तिनं तोवर आपल्या बाबांना कळवलंही होतं. आत्याच्या भावाच्या बैठकीत त्याच बातमीचं कात्रण चौकटीत होतं, बहीणभावाच्या वडिलांनीच लावलेलं. भाऊ फोनवर म्हणाला, "अगं, आता जगभर कळलं! बाबा असते तर नाचले असते." आत्यानं "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मग ती स्वयंपाकघरात जाऊन उगीचच स्वच्छ ओटा पुसत राहिली.

भाची दारात उभी राहिली. "काय झालं? तुला आनंद नाही झाला?"

"बस इथे," आत्या म्हणाली. "आणि मधे बोलू नकोस."

मग तिनं चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं.

पुराचा दिवस, भर दुपारची वेळ. वरच्या धरणावरच्या पहारेकऱ्यानं एक्सचेंजला फोन केला, की दरवाजे उघडतायत, पाणी सुटलंय. फोन लागला तीन नंबरला. खाली नदीकाठी सहा गावं, सहा गावांत मिळून सहा फोन, आणि तिकडे, पुढे जिल्ह्याकडे जाणारी एकच लाइन शाबूत. त्या लाइनीवर कोण? मोठे साहेब. परिस्थिती आटोक्यात आहे, असं ते वरच्यांना सविस्तर कळवत होते. साहेबाचा कॉल तोडायचा नाही, हा एक्सचेंजातला पहिला नियम. तेव्हा कॉलची मुदत तीन मिनिटांची; तीन नंबरनं मधे तोंड घालून एवढंच म्हटलं, "साहेब, तीन मिनिटं झाली," आणि प्लग उपटला.

"उपटला?" भाचीला राहवलं नाही.

"गाजर उपटावं तसा. आणि एकामागून एक सहा गावं लावली. माणसं टेकडीवर न्या, गुरं सोडून द्या, सामान बघू नका. तिचा आवाज इतका शांत, की मला वाटलं, ही कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतेय."

अर्ध्या तासात साहेब जीपनं येऊन थडकले. तीन नंबरला केबिनमध्ये उभं केलं. तिचं टेबल रिकामं ठेवता येईना म्हणून सुपरवायझरनं सात नंबरला तिथे बसवलं. तेवढ्यात वार्ताहर आला. तीन नंबरच्या टेबलावर जी दिसली तिचं नाव विचारलं, फोटो काढला, चालता झाला. केबिनमधून ओरडणं ऐकू येत होतं, आणि इकडे फ्लॅश उडत होता.

"दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन मी तिच्याकडे धावले. म्हटलं, मी जाऊन सांगते, चूक झालीय. तर म्हणाली, वेडी आहेस का? आधीच मेमो मिळालाय. पेपरात माझं नाव आलं तर साहेब माझी नोकरी खाईल. राहू दे तुझंच. तुझा फोटोही बरा आलाय."

"मग बरोबरच केलंस की."

"तेव्हा बरोबर होतं. मग साहेब बदलून गेला. तीन नंबर निवृत्त झाली. ना मूल, ना बाळ. एक दिवस तीही गेली. आणि मी बोललेच नाही, बाई. लोक वाहवा करायचे, मी मान खाली घालायचे. त्यांना वाटायचं विनय आहे." आत्यानं हातातलं फडकं पिळलं, कोरडंच होतं. "आता तर छापील पुराव्यासकट तिचं श्रेय माझ्या नावावर बसलंय. देवापुढे गेल्यावर ती मला विचारायची नाही, मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त लाज वाटते."

त्याच संध्याकाळी आत्यानं पानावरून स्वतःचं नाव खोडलं. शाईच्या डागानं परत घातलं: 'स्रोत असलेला मजकूर कारण न देता काढू नये.' आत्यानं पुन्हा खोडलं. पुन्हा आलं, सोबत ताकीद घेऊन: असंच चालू राहिलं तर आपलं संपादन थांबवावं लागेल.

"आत्या," भाची म्हणाली, "स्वतःचं नाव खोडल्याबद्दल हाकलली जाणारी तू पहिलीच असशील."

"मग करू काय?"

"भांडायचं असेल तर भांडायची जागा वेगळी असते." भाचीनं पानामागचं चर्चापान उघडलं.

तिथे आत्यानं लिहिलं: 'बातमीत जिचं नाव आहे ती मीच. हे काम मी केलेलं नाही.' या वेळी थोर नाही, शूर नाही, आपली विश्वासू नाही. उत्तर तासाभरात आलं: 'आपल्या सांगण्याबद्दल आदर आहे. पण आपण त्याच आहात हे वाचकाला तपासता येणार नाही. छापील काही मिळेल का? मिळाल्यास मी स्वतः मदत करीन.'

"माझ्या नावाचा मलाच पुरावा मागतो!" आत्या उसळली. पण थोड्या वेळानं तिलाच ते परक्या गावचं माणूस आठवलं. समजा ते माणूस तेव्हा नदीकाठी राहत असतं, तर फोनवरचा शांत आवाज खरा मानावा की नाही, असा त्यालाही प्रश्न पडला असता. मग म्हणाली, "मेमो."

"मेमो कुठे छापतात?"

"छापायचे! खात्याचा वार्षिक अहवाल यायचा. त्यात शेवटी शिस्तभंगाचं पान असायचं. अगं, अहवाल आला की आम्ही सगळ्याजणी आधी तेच पान उघडायचो. कुणाला काय मिळालं ते वाचायला. देव मला क्षमा करो, त्या वर्षी तेवढं मी उघडलं नव्हतं."

रविवारी वाचनालयाचं जुनं दालन उघडलं. ग्रंथपालबाई शिडीवर, भाची खाली, आत्या टेबलाशी. कापडी पाठीचे अहवाल उतरत गेले, शिंका येत गेल्या. त्या वर्षीचा अहवाल सर्वांत खाली निघाला. आत्यानं शेवटची पानं उलटली आणि तिचं बोट थांबलं.

तीन नंबरचं पूर्ण नाव. पुढे लिहिलेलं: 'टेबल क्रमांक तीन. पुराच्या दिवशी वरिष्ठ अधिकाऱ्यांचा चालू कॉल परवानगीविना तोडून लाइन सहा गावांना इशारा देण्यासाठी वापरली. लेखी समज देण्यात आली.'

आत्याला आधी हसू फुटलं. मोठ्यानं, वाचनालयात शोभणार नाही असं. "बघा हो बघा! साहेब तिचं नाक कापायला गेला आणि स्वतःच्या हातानं शिलालेख कोरून बसला!" मग हसता हसता डोळे भरले. भाचीनं खांद्यावर हात ठेवला.

ग्रंथपालबाई मात्र पुढची पानं चाळत होत्या. "मावशी, हे बघा. कर्मचाऱ्यांची यादी, टेबलवार. तीनवर त्या. सातवर तुम्ही."

आत्यानं चर्चापानावर दोन्ही पानांचे आकडे दिले, अहवालाचं वर्ष दिलं, आणि लिहिलं: 'बातमीही टेबल क्रमांक तीनच म्हणते. त्या टेबलावर कोण होतं ते अहवाल सांगतो. बातमीत फक्त नाव चुकलं.' एक शब्द जास्त नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. शाईच्या डागानं आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन अहवालाची प्रत पाहिली होती. 'आपलं म्हणणं सिद्ध होतं. चूक माझ्या हातून पसरली असती, आपण थांबवलीत. हे वाक्य आपणच लिहावं, ही विनंती.'

"ऐकलंस? विनंती!" आत्या म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली, पदर खोचून, जणू एक्सचेंजातल्या फळीसमोर बसतेय. भाची मागे उभी.

आत्यानं तीन नंबरचं नाव लिहिलं. धरणाचा निरोप मिळताच तिनं वरिष्ठाचा कॉल तोडून सहा गावांना इशारा दिला आणि त्याबद्दल तिला लेखी समज मिळाली, असं लिहिलं. पृष्ठ क्रमांक दिला.

"थोर आणि शूर?" भाचीनं विचारलं.

"गरज काय? कॉल तोडला म्हटलंय ना. ज्याला कळायचं त्याला कळेल."

जतन केलं. चार मिनिटं झाली, वाक्य जागेवर. तास झाला, जागेवर. आठवडाभर आत्या रोज सकाळी देवाला नमस्कार करून आधी ते पान बघायची, आणि वाक्य जागेवरच असायचं.

भावाला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्यानं चौकटीकडे पाहिलं. "म्हणजे बाबा उगीच मिरवत होते?"

"उगीच नाही रे. त्यांना वाटत होतं, आपल्या मुलीनं काहीतरी खरं केलंय. जरा उशीर झाला, पण केलं."

भाऊ उठला, चौकट उतरवली. मागचा खिळा काढून कात्रण बाहेर घेतलं आणि म्हणाला, "मग त्या मेमोच्या पानाची प्रत काढून दे. यात बसवू." आणि आत्या, जी वाहवा ऐकताना चाळीस वर्षं मान खाली घालत आली, ती त्या दिवशी भावाच्या घरातून मान वर करून निघाली. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की थांबून सांगायची, तीन नंबरनं काय केलं ते.

झाली गोष्ट. उठण्याआधी एक मागणं आहे, आणि ते आत्यासाठी नाही. तिचं तिला मिळालं. तुम्ही कधी नदीकाठानं गेलात, पुरानंतर टेकडीवर वसलेलं कुणाचं नांदतं घर दिसलं, आत मुलं खिदळताना ऐकू आली, तर क्षणभर थांबा आणि तीन नंबरच्या टेबलावरच्या त्या बाईची आठवण काढा.