तिसरा वास

"तळ करपलाय. कोळसा चावतोय असं वाटतंय," खिडकीपाशी बसलेले पोस्टमास्तर बायकोच्या कानाशी लागून पुटपुटले. त्यांची पाठ धाकटीकडे होती, आणि धाकटी उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन नेमकी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

"हळू बोला," बायको म्हणाली. "चहात बुडवा नि गिळा मुकाट्यानं."

तेवढ्यात फडक्याला हात पुसत मोठी स्वयंपाकघराच्या दारात आली. पोस्टमास्तरांनी लगेच घास गालात सरकवला. "वा वहिनी! आज तर केकनं कमालच केलीय!"

"आवडला ना? मग आणखी एक तुकडा देते," मोठी म्हणाली.

पोस्टमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एरवी धाकटी हसली असती. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ट्रे टेबलावर असा आदळला की बशीतला चमचा उडून खाली पडला.

"अगं, हळू!" मोठी ओरडली. "कपांनी काय घोडं मारलंय तुझं?"

धाकटीची पन्नाशी उलटली होती, पण ती धाकटीच. या घरात धाकटी जाऊ म्हणून आली तेव्हा हे नाव चिकटलं, ते केस पिकले तरी निघालं नाही. थोरले दीर गेल्यावर मोठीनं हातपाय गाळले नाहीत. पुढच्या खोलीत टेबलं मांडली, दारावर पाटी लावली आणि चहाबरोबर घरी भाजलेला केक द्यायला लागली. मागच्या अंगणात तिचे गुलाब होते, जुन्या जातीचे; तेच ती रोज टेबलांवर ठेवायची. दिसायला अगदीच साधे, संध्याकाळपर्यंत मान टाकणारे, पाकळ्या थेट गिऱ्हाइकाच्या कपात गाळणारे. पण वास असा, की रस्त्यानं जाणारा माणूस दोन पावलं मागे येऊन दारात डोकवायचा. आत आला की त्याला केकचा वास लागायचा, आणि मग तो कुठला बाहेर जातोय!

स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. मोठीनं ते कधीच काढून पुढच्या खोलीत टांगलं होतं. "घड्याळाला नाक असतं का?" असं ती विचारायची. तिच्या लेखी केक तीन वास देतो. पहिला साखरेचा, तो सगळ्यांनाच येतो. दुसरा लोण्याचा. आणि मग अगदी हळूच, दाराआडून कुणी डोकवावं तसा, संत्र्याच्या सालीचा. हा तिसरा वास आला की ओव्हन उघडायचा. आधी उघडला तर केक बसतो, नंतर उघडला तर करपतो. हे तिनं धाकटीला शिकवलं, तेही बोलून बोलून. "नाक आहे ना तुला? की देवानं नुसतं चष्मा ठेवायला दिलंय?"

मग यंदाच्या थंडीत मोठीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी तिला विचारलं नाही. ओव्हनसमोर स्टूल टाकून ती बसायची, रद्द झालेल्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलेल्या माणसासारखी. पहिला केक करपला. दुसऱ्या वेळी सालीचा वास आला तशी धाकटी खोकली. मोठी उठली, "हं, झाला," म्हणाली आणि तिनं केक बाहेर काढला. सोन्यासारखा.

तेव्हापासून धाकटी खोकत होती. गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो, बरा नाही का खोकला अजून?" धाकटीच्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं खोकल्याचं औषध आणून दिलं. असा तो माणूस. भांडण होऊ नये म्हणून तो औषधसुद्धा प्यायला लावेल.

आज सकाळी धाकटी लोणी आणायला बाजारात गेली आणि रांगेत अडकली. खोकायला घरात कोणी नव्हतं. म्हणून हा कोळसा.

आणि तरी सगळे "वा, वा" करत होते. शिंपीणबाईंनी तर रेसिपी मागितली! धाकटी टेबलं पुसत मनात म्हणत होती, यांचं काय जातंय? चांगुलपणाची हौस फिटते, तोंड पुसतात आणि घरी जातात. करपलेल्या केकबरोबर राहायचं कुणाला आहे?

त्यात नवऱ्यानं भर घातली. छाटणीमुळे अंगणात फुलं नव्हती, म्हणून तो फुलवाल्याकडचे गुलाब घेऊन आला. लांब दांड्याचे, ताठ, आठवडाभर न कोमेजणारे आणि वासाच्या नावानं शून्य. असल्या फुलांना मोठी पूर्वी 'मेणाची पोरं' म्हणायची, दारात उभं करायची नाही. आज तिनं त्यातलं एक सगळ्यांसमोर उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"बघा," ती म्हणाली, "अगदी आपल्या झाडासारखाच आहे की!"

सगळी खोली आपापल्या कपात बघायला लागली.

"हो ना वहिनी," नवरा म्हणाला. "मीही तेच म्हणतोय."

धाकटीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच कसलंतरी काम आठवून बाहेर सटकला. त्याची गचांडी धरावी, पोस्टमास्तरांची बशी हिसकावावी आणि सगळ्यांच्या तोंडावर बोलून टाकावं, असं तिला वाटलं. पण बोलून पुढे काय? मोठीचं स्वयंपाकघर जाणार. मग ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसणार, स्वतःच्याच घरात गिऱ्हाईक होऊन. ते डोळ्यांसमोर आलं आणि धाकटीनं पुन्हा फडकं उचललं. त्याचाही तिला राग आला.

अंधार पडायला लागला तसं शेवटचं गिऱ्हाईक गेलं. धाकटीनं पुढचं दार लावलं, खुर्च्या आवरल्या आणि कप घेऊन ती आत निघाली. उंबऱ्यातच तिच्या नाकात वास घुसला.

गॅस.

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. ओट्यावर पांढरा ओघळ होता, बटण मात्र पूर्ण उघडं. आणि शेगडीकडे पाठ करून, खिडकी लावून, मोठी निवांत बसून गुलाबांचे काटे छाटत होती.

"आलीस? दूध तापलं का बघ गं," ती म्हणाली आणि वळली. "अरे, विझलीच की ही!" तिनं लायटर उचलला.

धाकटीच्या हातातले कप कधी फुटले ते तिला कळलं नाही. तिनं झडप घालून लायटर हिसकावला, बटण बंद केलं, खिडकी ढकलली आणि मोठीला दंडाला धरून अंगणात ओढत आणलं.

आवाज ऐकून नवरा धावत मागच्या दारात आला. "काय झालं? इतका अंधार का? दिवा लावू?"

"बटणाला हात लावाल तर हात तोडीन!"

त्यानं हात मागे घेतला.

"माझ्या घरात मला फरफटत आणतेस?" मोठी म्हणाली. दंडावर धाकटीची बोटं उमटली होती. "एवढी मस्ती आली तुला?"

"गॅस सुटला होता, ताई! स्फोट झाला असता!"

"सुटला तर सुटला. दूध कुणाचं उतू जात नाही? तुझं कधी गेलंच नाही वाटतं?"

"जातं ना! पण मला लगेच..." धाकटी थांबली.

"ती नळीच जुनी झालीय वहिनी," नवरा मध्ये पडला. "मी उद्याच नवी आणतो. म्हणजे प्रश्नच मिटला."

"नळीला काय धाड भरलीय?" धाकटी त्याच्यावर उलटली. "तुम्ही नळ्या बदला! पोस्टमास्तर चहात बुडवतील! शिंपीणबाई रेसिपी लिहून घेतील! सगळे एकजात मूग गिळून बसा, आणि एक दिवस या बाईला कोळसा झालेली बघा! आणि मी..."

आणि मी. एकेक केक सोन्यासारखा निघाला होता तो तिच्यामुळे. बाकीच्यांनी नुसती मान डोलावली होती. रोज ओव्हनशेजारी उभं राहून खोटं भाजलं होतं ते तिनं. आणि सवयीनं ती खोकली.

"आता कशाला खोकतेस?" मोठी म्हणाली. "ओव्हनमध्ये काही नाहीये."

नवऱ्यानं मान खाली घातली. मोठीच्या मुठीत तो दुकानातला गुलाब अजून होता. तिनं तो नाकाशी नेला, पुन्हा नेला, आणि मग खाली मातीत टाकला.

"एवढी आग पाखडलीस ना?" तिचा आवाज फाटला. "मग आता बोल. कुणीतरी बोला रे!"

धाकटीनं तिचा हात धरला. या वेळी हळू धरला.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही."