फाऊल नव्हता

१९७४ साली नाशिकच्या जिल्हा निवडचाचणीत चंद्रभागाने गोळा साडेनऊ मीटरवर टाकला. बाकी कुणाचा नऊपर्यंतही पोचला नव्हता. तरी संघटनेचे सचिव वाघचौरे यांनी लाल निशाण वर केलं.

"फाऊल. पाय वर्तुळाबाहेर पडला."

पडला नव्हता. निवड झाली त्यांच्या पुतणीची. चंद्रभागा, इगतपुरीच्या रेल्वे गँगमनची सतरा वर्षांची पोर, रडत जाब विचारायला गेली, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "हातात जोर आहे तुझ्या. घोटीच्या बाजारात जा, भाताची पोती उचल."

त्यानंतर चंद्रभागा रडली नाही. पावसात मैदानाचा चिखल व्हायचा, तेव्हा ती रेल्वेच्या मालधक्क्याच्या शेडखाली सराव करायची. गोळा मानेशी टेकवला की वाघचौऱ्यांचा चेहरा आठवायची आणि त्यावरच फेकायची. दोन वर्षांनी रेल्वेने तिला खेळाडू म्हणून नोकरी दिली. ब्याऐंशी साली ती देशात पहिली आली.

पुढच्याच वर्षी वाघचौरे तिच्या घरी आले. ते राज्य संघटनेच्या अध्यक्षपदाला उभे होते आणि ती जुनी गोष्ट कुणीतरी उकरून काढली होती.

"माझ्यामुळे घडलीस, एवढं दोन ओळींत लिहून दे."

"देते, सर. पण आधी तुम्ही लिहा, त्या दिवशी फाऊल नव्हता म्हणून. माझ्या समाधानासाठी. नऊ वर्षं डोक्यातून जात नाही."

ते घुटमळले. तिचे वडील गोटीराम यांनी चहा आणला. तिने वाघचौऱ्यांना वाकून नमस्कार केला. मग त्यांनी लिहिलं, खाली सही केली.

तिनेही लिहिलं, 'वाघचौरे सर नसते तर मी इथवर आले नसते.' ते खूश होऊन गेले.

त्यांचा कागद तिने दुसऱ्या दिवशी नाशिकच्या एका वर्तमानपत्रात नेऊन दिला. रविवारी तो सहीसकट छापून आला. वाघचौऱ्यांना अर्ज मागे घ्यावा लागला, जिल्ह्याचं पदही गेलं. पुतणी शाळेत खेळ शिकवायची, तिलाही लोक टोचून बोलू लागले. चंद्रभागाला त्याचंही वाईट वाटलं नाही.

गोटीरामांनी पेपर बाजूला ठेवला. "घरी आलेला माणूस व्हता, चंदे. त्यानं इस्वासानं लिवलं."

"मीबी चाचणीला इस्वासानंच गेले व्हते, आबा."

पुढे गोळा मानेशी टेकवला की तिला तो चेहरा आठवेना. त्या हंगामात ती देशात तिसरी आली. पस्तावा मात्र तिला कधीच झाला नाही.