शब्दावर ठेवलेली लुगडी

आठ दिवसांत बाराच्या बारा लुगडी विकली गेली, असं इंदुताईंनी जेवताना मुलाला सांगितलं. धर्मेंद्र खूश झाला आणि पैसे किती आले ते त्यानं विचारलं. पैसे अजून कोणाचेच आले नाहीत, असं म्हणून इंदुताईंनी त्याच्या ताटात भात वाढला. ताटावर बसलेल्या मिनलनं, धर्मेंद्रच्या मुलीनं, मान वर केली.

"मग विकली गेली म्हणजे काय, आजी?"

"बायांनी लिवलं ना वं, बुक म्हणून. बाराही जणींनी."

ही लुगडी इंदुताईंचे यजमान मनोहरराव यांच्या गांधीबागेतल्या दुकानातली. दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली होती आणि मनोहरराव जाऊन नऊ. शेवटचा एक गठ्ठा इंदुताईंनी लोखंडी पेटीत कडुलिंबाचा पाला घालून जपला होता, दर उन्हाळ्यात त्याला ऊन दाखवत होत्या. आता धर्मेंद्र फ्लॅटमध्ये राहायला जाणार होता आणि तिथे पेटीला जागा नव्हती. जुने कपडे किलोवर घेणाऱ्या नत्थूला त्यानं रविवारी बोलावून ठेवलं होतं. नत्थूकडचा कपडा गॅरेजमध्ये यंत्रं पुसायला जातो, हे कळलं त्या दिवशी इंदुताईंना जेवण गेलं नाही. कोरं, घडी न मोडलेलं सुती लुगडं, आणि त्यानं ग्रीस पुसायचं. मी नेसणाऱ्या बाया शोधते, तोवर थांब, असं त्यांनी मुलाकडून कबूल करून घेतलं होतं.

मिनलनं फोटो काढून साड्यांच्या एका ग्रुपवर टाकले, किंमत लिहिली, पैसे पाठवायची सोय लिहिली, आणि जुना फोन आजीच्या हाती देऊन ती परीक्षेच्या अभ्यासाला लागली. पुढचं सगळं इंदुताईंनी एकटीनं केलं, आणि त्यांना येत होतं तसंच केलं.

दुकानात गादीच्या मागे एक फळी होती. उमरेडची, काटोलची, सावनेरची गिऱ्हाइकं कापूस विकला जायच्या आधी येत, लुगडं पसंत करत आणि म्हणत, ठेवा शेटजी, नेतो. तसं म्हटलं की मनोहरराव चिठ्ठीवर नाव लिहून ती टाचणीनं पदराला लावत आणि लुगडं त्या फळीवर ठेवत. मग दुसरं कोणी दुप्पट पैसे देवो, ते खाली यायचं नाही. एक बाई तर सात महिन्यांनी आली होती, मधे तिचं बाळंतपण झालं होतं. लुगडं जागेवर होतं. बाळाला झबल्याचं कापड मनोहररावांनी वरून दिलं.

तशाच आता बारा लुगड्यांना बारा चिठ्ठ्या लागल्या होत्या. नंतर विचारणाऱ्या बायांना इंदुताई फोनमध्ये बोलून कळवत होत्या की हे गेलं बाई, तुम्ही उशीर केला.

मिनलनं डोक्याला हात लावला. तिनं समजावलं की नुसत्या लिहिण्याला काही अर्थ नसतो, पैसे आले तर विकलं. एक दिवस वाट पाहायची आणि दुसरीला द्यायचं. बाया दहा ठिकाणी बुक लिहितात आणि विसरून जातात.

"घ्यायचं नाही त लिवते काहून?" इंदुताईंनी विचारलं.

मिनलनं ताट उचललं आणि ती अभ्यासाला गेली.

दुसऱ्या दिवशी इंदुताईंनी चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन एकेकीला फोन लावला. पैसे मागायचे नव्हतेच त्यांना. कोणी आजारी आहे का, घरात काही झालं का, एवढंच विचारायचं होतं. एक बाई म्हणाली, आत्ता टाकते, आणि दुपारी पुन्हा विचारलं तेव्हाही तेच म्हणाली. एकीनं त्यांना फसवणूक करणारी समजून पोलिसांत देण्याची धमकी दिली. एकीनं तब्येतीची विचारपूस केल्याबद्दल आभार मानले, आपल्या गुडघ्याचं सगळं सांगितलं आणि लुगड्याचं नावही न काढता फोन ठेवला. नको, असं मात्र एकीनंही म्हटलं नाही. इंदुताई चक्रावल्या. नाही म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना ठाऊक होतं, उधार मागणारं ठाऊक होतं. हे तिसरं कोणतं, ते उमजेना.

शुक्रवारी सकाळी दारात एक पन्नाशीची बाई उभी राहिली. उमरेडची प्रेमलता. हिला इंदुताईंनी आधी फोनवर नकार दिला होता, तरी ती पत्ता विचारत आली होती. तिची म्हातारी आई अजून नऊवारीच नेसे, आणि बाजारातलं नवं कापड तिच्या अंगाला टोचे. फोटोतलं लाल काठाचं हिरवं लुगडं तिला आईसाठी हवं होतं.

"ते गेलं, बाई," इंदुताई म्हणाल्या.

"कोठी गेलं, मावशी? हे काय, तुमच्या मांडीवरच त आहे."

होतं खरं मांडीवर. त्यावर चिठ्ठी होती, सोनिका. इंदुताईंनी प्रेमलताला चहा दिला आणि तिच्यासमोरच सोनिकाला फोन लावला. ही धरमपेठेत राहणारी, आवाजावरून तरुण मुलगी. एक बाई दारात उभी आहे, तर तुम्ही हे सोडता का, असं त्यांनी सरळ विचारलं.

"सोडते असं नाही, आजी," सोनिका म्हणाली. "मला आवडलंय ते. पण घेईनच असंही नाही ना."

"मग मी काय करू?"

"तुम्ही बघा ना तुमच्या हिशेबानं."

फोन बंद झाल्यावर इंदुताईंनी चिठ्ठीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. फळीवरचं लुगडं गिऱ्हाइकानं सोडल्याशिवाय त्या घरात कधी कोणी दुसऱ्याला दिलं नव्हतं. इकडे प्रेमलता कापड दोन बोटांत धरून, चुरगाळून, पुन्हा सोडून पाहत होती, जसं जाणतं माणूस पाहतं. परवा रविवार होता. इंदुताईंनी टाचणी काढली. प्रेमलतानं पैसे मोजून ठेवले, नमस्कार केला आणि लुगडं पिशवीत न टाकता छातीशी धरून गेली.

मग त्यांनी उरलेल्या अकराही चिठ्ठ्या काढल्या आणि आधी नकार दिलेल्या बायांना मिनलकडून कळवलं. शनिवारपर्यंत आणखी सात लुगडी पैसे येऊन गेली. त्यांना बरं वाटलं, आणि काहीतरी चोरून केल्यासारखंही वाटलं.

रविवारी सकाळी फोन वाजला. सोनिकाचे पैसे आले होते, पूर्ण. दिलेल्या मालाचे पैसे न मिळणं इंदुताईंनी जन्मभर पाहिलं होतं, पण पैसे घेऊन माल नसणं, हे मनोहररावांच्या दुकानात कधी घडलं नव्हतं. मिनल म्हणाली, परत करून टाकू, दोन मिनिटांचं काम. त्यांनी ते ऐकलं नाही आणि सोनिकाला फोन करून, अडखळत, सगळं कबूल केलं.

सोनिका हसली. "काही हरकत नाही, आजी. परवापासून तुमचा आवाज सारखा आठवत होता म्हणून टाकले. जे उरलं असेल ते पाठवा. कोणतंही चालेल."

कोणतंही. दुकानाच्या गादीशेजारी बसून इंदुताईंनी हजारो बाया पाहिल्या होत्या. काठ बोटभर लहान म्हणून उठून गेलेल्या, एका रंगासाठी तीन खेपा घातलेल्या. कोणतंही चालेल म्हणणारी एकही नव्हती.

नत्थू काटा घेऊन दारात आला होता. पेटीत चार लुगडी उरली होती, एक सोनिकाचं, तीन त्याची. धर्मेंद्र म्हणाला, आई, कोणतंही एक काढ आणि मोकळी हो. इंदुताईंनी वांगी रंगाचं काढलं, उजेडात धरलं, परत ठेवलं. मोहरीच्या रंगाचं काढलं.

"गोरी आहे का सावळी, ते तरी विचार वं तिले," त्या मिनलला म्हणाल्या.

मिनलनं फोन हातात घेतला. नत्थूनं काटा भिंतीला टेकवला, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाला, "आई, तुमचं चालू द्या. मी चहा पिऊन येतो."