ऋचाच्या खोलीतलं तापमान

"मैम, आप अंदर मत आइए. बहुत गरमी है." ऋचा दारातच आडवी उभी राहिली.

सरोजिनी नगरच्या त्या गल्लीतले दोन जिने चढून मी धापा टाकत होते आणि ही पोरगी मला परत पाठवायला निघाली होती. मी तिला बाजूला सारून आत गेले. शिक्षक असल्याचा एवढा एक अधिकार मी मनापासून वापरते.

निघताना नवरा म्हणालाच होता, "अगं मधुमती, बाहेर लूच्या गरम झळा चालू आहेत. फोन कर ना तिला! डोकं ठिकाणावर आहे ना?"

फोन केला होता, ती उचलत नव्हती. पाच वाजेपर्यंत वह्या जमा व्हायच्या होत्या, तिची आली नव्हती आणि वही न देणारीला नापास करायचं हा नियम मीच केला होता.

हवामानबदलाचा हा अभ्यासक्रम विद्यापीठात सुरू व्हावा म्हणून मी तीन वर्षं फायली घेऊन फिरले. लॅपटॉप नसलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलीलाही जमेल असा तो बेतला होता. प्रत्येकीला विभागाकडून एक थर्मामीटर. महिनाभर रोज दुपारी तीनला आपल्या घरातलं तापमान वहीत लिहायचं आणि शेवटी सगळ्यांचे आलेख एकाच मोठ्या कागदावर काढून भिंतीवर लावायचे. कोणी मागे राहायचं नाही. मला स्वतःचं भलतंच कौतुक वाटत होतं.

पहिल्या आठवड्यात वह्या तपासल्या तेव्हा बाकी मुलींच्या घरांतलं तापमान होतं छत्तीस-सदतीस. ऋचाचं पंचेचाळीस, सेहेचाळीस, पंचेचाळीस. मी त्या आकड्यांना लाल गोल केले आणि शेजारी लिहिलं, 'ग़लत. ठीक करो.' घरात कुठे एवढं असतं? आमच्याकडे कूलर लावला की पारा पस्तिसाच्या वर जात नाही.

इथे डोक्यावर टिनाचं छप्पर होतं. एक पंखा गरम हवा फिरवत होता. ऋचाची आई ओला गमछा अंगावर घेऊन जमिनीवर पडली होती. मला पाहून ती उठून बसली. मी पर्समध्ये दुसरा थर्मामीटर आणला होता. तो ऋचाच्या थर्मामीटरशेजारी धरून दहा मिनिटं उभी राहिले. साडी पाठीला चिकटली. दोन्हींत पंचेचाळीस.

मला स्वतःची लाज वाटली.

"ऋचा, ग़लती मेरी थी. तुमने सही लिखा था. कॉपी दो."

तिने वही पुढे केली. कोरी करकरीत. पहिल्या तारखेपासून सुवाच्य अक्षरात छत्तीस, सदतीस, छत्तीस.

"ठीक कर दिया, मैम. पूरा फिर से लिखना पड़ा, इसीलिए देर हो गई."

"पुरानी वाली कहाँ है?"

"फाड़ दी."

"याद होगा ना? अभी लिखो. मैं बैठती हूँ."

तिने आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रहने दीजिए ना, मैम. दीवार पर सबका साथ में लगेगा. मेरी ही लाइन ऊपर जाएगी. सब पूछेंगे, इसका घर कैसा है."

"नाम नहीं लिखेंगे."

"बत्तीस ही तो लड़कियाँ हैं. पता चल जाता है."

तीन वर्षांत समित्यांनी नाही नाही त्या शंका काढल्या होत्या आणि मी प्रत्येकीला उत्तर दिलं होतं. ही शंका कोणाच्या डोक्यात आली नव्हती. माझ्याही नाही.

"मैडम, पास तो हो जाएगी ना?" आईने विचारलं.

"हो जाएगी," मी म्हणाले आणि वही घेतली.

सोमवारी आलेख विभागाच्या भिंतीवर लागला. बत्तीस रंगांच्या बत्तीस रेषा, एकमेकींना खेटून. विभागप्रमुखांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"वाह! अमीर-ग़रीब, हर तबके की लड़कियाँ, और नतीजा देखिए, कितना एक जैसा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलींनीही वाजवल्या. ऋचा पुढच्या रांगेत होती, इस्त्रीचा कुर्ता घालून, आणि माझ्याकडे बघून हसत होती. तिची रेषा कुठली ते शोधायला मलाही वेळ लागला.