परवानगीतले हात

परदेशी सिनेमावाल्यांचे कागद सांभाळता सांभाळता संध्याची उमेदीची वर्षं वेरूळच्या फाटकावर गेली होती. कुणाला कोणता व्हिसा लागतो, कुठं कॅमेरा चालतो, सगळं तोंडपाठ. आत जाऊन निवांत उभं राहणं मात्र कधी जमलं नाही. मार्चमध्ये काही दिवस, दुपार कलली की दहाव्या लेण्यातल्या बुद्धांच्या मुखावर ऊन येतं. मुकुंदवाडी या आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारातल्या बायकांबरोबर तिची आई केसरबाई ते दरवर्षी बघायला यायची. संध्याचं दरवर्षी एकच, "पुढच्या साली नक्की."

यंदा पोलंडहून मार्ता नावाची म्हातारी दिग्दर्शिका त्याच उन्हासाठी आली होती. तिच्या सिनेमाचा शेवट त्यावरच होता. परवानगी एका दुपारची. दिवे नाहीत, ट्रायपॉड नाही, कॅमेरा हातातच धरायचा आणि धरणाऱ्याचं नाव परवानगीत हवं. जुना कॅमेरामन आजारी पडल्यामुळं परवानगीत नाव बदलून घेऊन त्याच्या जागी यानेक नावाचा तरुण त्या सकाळीच उतरला होता. फाटकाशी संध्यानं त्याचा पासपोर्ट उघडला. त्याच्यापाशी फिल्म व्हिसा नव्हताच, पर्यटकाचा होता.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण कळलं असतं तर यानेकला हा देश बंद झाला असता आणि संध्याच्या शब्दावर पुन्हा कुणी इकडं फिरकलं नसतं. तिनं सांगून टाकलं, "याला कॅमेऱ्याला हात लावता येणार नाही."

मार्तानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. ते सदा कापायचे. "परवानगीत आणखी कोण आहे?"

"स्थानिक मदतनीस म्हणून मी."

मुकुंदवाडीतल्या लग्नांचं शूटिंग आपण पूर्वी करायचो, हेही ती बोलून बसली. मग काय, कॅमेऱ्याचा पट्टा तिच्याच गळ्यात पडला.

लेण्यात केसरबाई बायकांच्या घोळक्यात बसली होती. "आलीस का बाय एकदाची?"

"कामाला आले, आई."

"व्हय, व्हय. हितं थांब. लई येळ नाय आता."

संध्यानं कॅमेरा सुरू करून डोळ्याला लावला. यानेक रिकाम्या हातांनी पुढं उभा होता. वरच्या दगडी खिडकीतून ऊन आत उतरलं. आधी मांडीवर, मग छातीवर, आणि मग मुखावर चढलं. दगड दगड राहिला नाही. इतका वेळ अंधारात बसलेलं कुणी आत्ता आपल्याकडं पाहतंय, असं तिला वाटलं. बायकांनी "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणत त्रिसरण सुरू केलं. लहानपणापासून विहारात ते सूर कानावर पडले की तिचे हात जुळायचे. आत्ताही जुळले.

कॅमेरा पोटावर लोंबकळत राहिला. ऊन सरकून गेलं तेव्हा तिला त्याची आठवण झाली.

बाहेर कडुनिंबाखाली ती मार्तासमोर उभी राहिली. "तुमचा शेवट मी घालवला. बुद्धांचं मुख त्यात जेमतेम असेल. मी हात जोडले."

मार्तानं चित्रण लावलं. मुख थोडा वेळ दिसलं, मग सगळं खाली कोसळलं आणि पडद्यावर नुसती फरशी उरली. फरशीवर उन्हाचा उजेड पसरला होता. त्यात बायकांची अनवाणी पावलं, केसरबाईच्या टाचांच्या भेगा, जोडव्यांची बोटं. मागं त्रिसरणाचे सूर. समोर दोन गोरी पावलं ताठ उभी होती. हळूहळू त्यांच्या टाचा उचलल्या, गुडघे दगडाला टेकले आणि मग तिथंच राहिले.

यानेक खाली मान घालून उभा होता. "हातात कॅमेरा असता," तो म्हणाला, "तर मी उभाच राहिलो असतो."

मार्तानं तेवढाच भाग पुन्हा लावून पाहिला. मग आपले कापरे हात तिनं एकमेकांजवळ आणले आणि संध्याला विचारलं, "असेच जोडतात ना?"