अकरा एकांचा आकडा

"भाग गेला का गं?"

"जरा दम धरा. खाली ढोल, चुलीवर आमटी, आणि मांडीवर तुमची पाटी. मला हात दोनच आहेत."

यांचा आकडा म्हणजे ओळीने अकरा वेळा एक. लग्न होऊन गिरगावात आले तेव्हापासून ही सवत माझ्या उरावर आहे. त्याला दुसऱ्या कुठल्याच आकड्याने निःशेष भाग जात नाही, असं यांचं म्हणणं. ते ठरवायचं तर लहानापासून एकेका अविभाज्य आकड्याने भागून बघायचं. कचेरीतून आले की चहा, मग भागाकार. चाळ मोर्चाला निघाली तरी हे पाटीपाशी. शेजारचे नाना चिडायचे.

"गंगाधरपंत, तिकडे मुंबई तोडायला निघालेत आणि तुम्ही आकडे तोडत बसा."

"तोडत नाही हो. तुटत नाही तेच बघतोय," हे म्हणायचे. कपाळ माझं.

मागच्या वर्षी काचबिंदूने यांचे डोळे गेले. सुटले एकदाची, असंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पण हे भिंतीकडे तोंड करून पडले आणि ताट परत करायला लागले. उठवलं तर म्हणायचे, उठून करू काय? शेवटी वैतागून मीच पाटी घेतली. मी चौथी शिकलेली बाई. रद्दीवाल्याकडून आणलेल्या यांच्या पुस्तकातला पुढचा अविभाज्य आकडा वाचायचा आणि भागायचं. बाकी उरली म्हटलं की हे जेवायला बसतात.

आज महाराष्ट्र झाला, गॅलरीत तोरणं लागली, आणि मी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास घेऊन बसले.

शेवटची वजाबाकी केली. खाली शून्य. पुन्हा केली, शून्यच. उलटा गुणाकार केला, तर अकराच्या अकरा एक पाटीवर उभे राहिले. मेला आकडा तुटला. उद्या यांना कशासाठी उठवू?

नाना पेढे घेऊन आले. "पंत, मुंबई आपली झाली."

यांनी पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही. "आधी तू सांग. भाग गेला?"

मी पदराने पाटी पुसली. "कसला जातोय. बाकी उरली."

हे हसले. चाचपत पेढा मोडून अर्धा माझ्यापुढे धरला. "पुढचा कुठला?"

"एकवीस हजार सहाशे एकसष्ट," मी वाचलं, आणि आमटी उतरवायला उठले.