ताटावरचं नाव

आमच्या सोसायटीत सिनेमाच्या पुरस्कारांचे अंदाज कागदावर लिहून ठेवत नाहीत. ते माझ्याकडे असतात. पुरस्कारांच्या आधीच्या शनिवारी दुपारी सात-आठ जण माझ्या हॉलमध्ये जमतात, प्रत्येक जण आपापली नावं सांगतो आणि मी ऐकते. पुढच्या शनिवारी टीव्हीवर सोहळा असतो. तोवर कुणाला नाव बदलायचं तर बदलता येतं, फक्त मला येऊन सांगायचं. निकाल लागला की कोण कुठे चुकलं ते मी सांगते आणि सगळ्यात जास्त चुकलेल्याने बटाटेवडे खाऊ घालायचे. इतक्या वर्षांत माझ्या शब्दावर वाद झाला नाही. तिसऱ्या मजल्यावरची शकु तर म्हणते, जयंतीताईंचं डोकं म्हणजे बँकेचा लॉकर.

या वर्षी मी माझी मतं सांगायला बसले तेव्हा नेहमीसारखीच रंगात होते. उत्कृष्ट चित्रपट ‘गडावरची सावली’ला मिळणार, हे मी आधीच सांगून टाकलं. चांगला आहे म्हणून नव्हे, मोठा आहे म्हणून. त्यातले घोडे कॉम्प्युटरवर केलेत. एवढं दौडतात पण एकालाही घाम येत नाही. आमच्या लहानपणी पडद्यावरच्या घोड्यांच्या तोंडाला फेस यायचा आणि पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकायची. मग तो लंडनमध्ये काढलेला लग्नाचा सिनेमा. तिकडे शूटिंग केलं की तिथलं सरकार पैशांची सवलत देतं म्हणे, म्हणून हल्ली आपली माणसं हळदसुद्धा तिथल्या थंडीत कुडकुडत लावतात. त्याला फार तर वेशभूषेचं मिळेल. आणि सहायक अभिनेत्री? ती इरावती केळुसकरच. ‘कोरडा पाट’मधली आई.

“त्या एका सीनसाठी द्यायला हवं तिला,” मी म्हटलं. “मुलगा घर सोडून गेल्यावर ती त्याचं ताट घासते तो. घासून पुसून फळीवर ठेवते, परत काढते, परत पुसते. ताटावर मुलाचं नाव कोरलेलं असतं त्यावरून अंगठा फिरवत राहते. तोंडातून एक शब्द नाही. असं काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.”

शकुने श्यामकांतांकडे पाहिलं. श्यामकांत म्हणजे तळमजल्यावरचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सिनेमा बघतानाही चूक शोधणारे गृहस्थ.

“असा सीन नाहीये त्यात, जयंतीबाई,” ते म्हणाले.

मी हसले. तुम्हाला डुलकी लागली असेल म्हटलं. पण शकुनेही मान हलवली. तिने तो सिनेमा दुसऱ्या आठवड्यात पाहिला होता, श्यामकांतांनी घरी मोबाइलवर. आणखी दोघींनी पाहिला होता, त्यांनाही काही आठवेना. ताटच नव्हतं कुठे, त्या म्हणाल्या. श्यामकांतांनी तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि तो भाग लावून दाखवला. मुलगा एसटीत बसतो, धूळ उडते आणि पुढच्या क्षणी विहिरीवर दुसरीच माणसं भांडत असतात. मध्ये काही नाही.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा एसटी, धूळ, विहीर.

“होतं असं कधी कधी,” शकु समजुतीने म्हणाली. तिचा तो मऊ आवाज मला सगळ्यात जास्त लागला. श्यामकांत म्हणाले की या वर्षीपासून आपण नावं लिहूनच ठेवू या का, जयंतीबाईंना तरी किती त्रास द्यायचा. सगळ्यांना ते पटलं. पटल्याचं लपवायला सगळे एकदम चहाच्या कपांकडे वळले.

माझी धाकटी बहीण कुंदा तेव्हा खिडकीपाशी खुर्चीत बसून पडद्याची झालर मोजत होती. ती मोजत असते. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

कुंदाचं सांगायला हवं, कारण माझी भीती तिथूनच येते. तिचे यजमान गेले, मूलबाळ नाही, म्हणून ती मुलुंडला माझ्याकडे राहायला आली. एकदा तिने मला ठाण्यातल्या एका लग्नाची हकिगत सांगितली. नवरीचा शालू कुठल्या रंगाचा, जिलबी कशी कच्ची होती, कोण रुसलं. तासभर ऐकून मी पोट धरून हसले. पुढे कळलं, ते लग्न झालंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले की विसरणं नंतर येतं, काही जणांचं सुरू होतं ते असं, नसलेलं आठवण्यापासून.

नसलेलं आठवणं. सगळे गेल्यावर कप विसळताना हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. एक कप बशीवर आपटला तर मी दचकून मागे पाहिलं, जणू कुणी तरी बघून ठेवत होतं.

माझा मुलगा अनिरुद्ध आणि सून गंधाली पवईला राहतात. कुंदाला माझ्याकडे ठेवायला अनिरुद्ध पहिल्यापासून नाखूश होता. कर्जतच्या बाजूला अशा माणसांसाठी एक संस्था आहे, तिथे ठेवू या म्हणत होता. शेवटी कबूल झाला तो एका अटीवर. तू ठणठणीत आहेस तोवर, तो म्हणाला होता. मी बिघडले की कुंदा कर्जतला आणि मी पवईला. कुंदाला कर्जतला कोण विचारणार? रात्री तिला दिव्याशिवाय झोप येत नाही, भातावर आधी तूप लागतं, मग वरण. उलट झालं तर जेवत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात आहे. आणि डोकंच…

शकुने काळजीपोटी गंधालीला फोन केला. तिचा हेतू वाईट नव्हता. रविवारी सकाळीच गंधाली आली. माणूस म्हणून ती सरळ आहे, आडून बोलणं तिला जमत नाही.

“आई, उद्या सोमवारी एका डॉक्टरांची वेळ घेतलीय,” ती म्हणाली. “नुसतं बघून घेऊ. घाबरू नका.”

“अनिरुद्धला सांगितलंस?”

“सांगावं लागलं. तो कर्जतला फोन करतोय. आत्ताच काही नाही हो, फक्त जागा आहे का ते विचारतोय.”

मी तिला पोहे करायला घेतले. मोहरी घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. बशी समोर आल्यावर तिने काळ्या झालेल्या पोह्यांकडे पाहिलं आणि निमूट खाल्ले.

दुपारी जेवताना आणखी वाईट झालं. कुंदा जेवून उठली नाही. रिकामं ताट तिने पालथं केलं आणि मागे कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवू लागली. हळूहळू, एकसारखा. ते ताट आमच्या भावाचं. आम्ही दोघी लहान असताना आमचा भाऊ तापाने गेला आणि आई कित्येक दिवस त्याचं ताट घासून फळीवर ठेवायची, परत काढायची, त्याच्या नावावरून अंगठा फिरवायची. नाव पुसट झालं ते त्यामुळेच. आई गेल्यावर वाटणीत मी फक्त तेवढंच मागून घेतलं होतं.

म्हणजे इरावती केळुसकरने ताट घासलंच नव्हतं. घासलं होतं आमच्या आईने. सिनेमाच्या अंधारात बसून मी माझी आई पडद्यावर चढवली आणि घरी येऊन सगळ्यांना तिचं काम किती छान ते सांगत सुटले. कुंदाचं लग्न आणि माझं ताट, फरक काय?

गंधालीला मी हे सांगितलं नाही. आत जाऊन पलंगावर बसले आणि स्वतःची परीक्षा घेऊ लागले. शाळेतल्या बाईंचं नाव आलं. पहिल्यांदा पाहिलेल्या सिनेमाला आम्ही कुठे बसलो होतो ते आलं, बायकांच्या बाकांवर, डाव्या हाताला, आत्याने पिशवीतून चुरमुरे आणले होते. गिरगावातलं ते थिएटर, आणि शेवटच्या खेळाला एक गाणं गाळणारा त्याचा मॅनेजर. माणसांची शेवटची गाडी चुकू नये म्हणून तो दुसऱ्या आठवड्यापासून बेधडक गाणं उडवायचा. आमची आत्या एकदा त्याच्याशी भांडली होती, पूर्ण पैसे घेता तर पूर्ण सिनेमा दाखवा म्हणून…

मी ताडकन उभी राहिले.

‘कोरडा पाट’ मी पहिल्याच शुक्रवारी पाहिला होता. माझा तो नेम आहे, नवा सिनेमा पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला. कुंदाला बरोबर नेते, अंधारात ती शांत बसते. तिच्या तीनच्या गोळीसाठी मोबाइलवर गजर लावलेला असतो. त्या दिवशी सिनेमा चालू असताना गजर वाजला, मागच्या माणसाने च्च केलं, आणि मी गडबडीत गोळी शोधली ती पडद्याच्या उजेडात. पडद्यावर तेव्हा ते ताट होतं. चकचकीत. त्या उजेडात कुंदाचा तळहात दिसला आणि त्यावर मी गोळी ठेवली.

हेही नसलेलंच असेल तर? तरी बाहेर जाऊन मी गंधालीला सांगितलं. तिने आधी माझ्याकडे डॉक्टरांच्या नजरेने पाहिलं. मग म्हणाली, “तिकिटं मीच काढली होती ना तुमची? थांबा.”

तिने मोबाइल काढला. मी तिच्या समोर उभी राहिले. खरं सांगते, मुलगा पास की नापास हे बघायला बोर्डासमोर उभी होते तेव्हाही इतकी घाबरले नव्हते. कुंदा आत ताटाशी बसून होती. अंगठ्याचा बारीक आवाज येत होता.

“साडेबाराचा शो,” गंधाली म्हणाली. “आणि यात लांबी लिहिलीय सव्वादोन तास.” मग ती दुसरं काही शोधत राहिली. “मोबाइलवर आहे तो दोन तासांचासुद्धा नाही. आई, मोबाइलवरचा सिनेमा तिथे दाखवला असता तर जाहिराती आणि मध्यंतर धरूनही तीनच्या आत संपला असता.”

“म्हणजे?”

ती पुढे वाचत होती. मग तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि मला वाचता येईना म्हणून परत घेऊन मोठ्याने वाचलं. दिग्दर्शकाची मुलाखत होती. पहिल्या रविवारनंतर थिएटरवाल्यांनी सिनेमा संथ आहे, छोटा करा, दिवसात एक खेळ जास्त बसेल, असा हट्ट धरला. निर्मात्याने ऐकलं. कापलेल्या भागात ताटाचा प्रसंग होता असं दिग्दर्शक म्हणत होता. सगळीकडे आता छोटीच प्रत चालते, मोबाइलवरही तीच.

मी खुर्चीत बसले. गंधाली माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि ग्लास माझ्या हातात देऊन तशीच उभी राहिली.

“सॉरी, आई,” ती म्हणाली. “मी अनिरुद्धला फोन करते. डॉक्टरांचंही रद्द करते.”

कर्जतचा फोन बंद कर म्हटलं, पण डॉक्टरांची वेळ राहू दे. तिला आश्चर्य वाटलं. मी कारण सांगितलं नाही. पोह्यांत मोहरी दोनदा पडली होती ती काही कुणी सिनेमातून कापलेली नव्हती.

डॉक्टरांनी मला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. ‘पुन्हा या’ हे ते सगळ्यांना म्हणत असतील. मी तेवढंच घरी घेऊन आले.

शनिवारी सोहळ्याला सगळे जमले. मुलाखतीचं गंधालीने कळवलेलं होतं, शकुने दारातच माझे हात धरले. श्यामकांतांनी वही आणली होती, ती त्यांनी मांडीखाली सरकवली. सोहळा सुरू होण्याआधी मी म्हटलं, मला एक नाव बदलायचंय. सहायक अभिनेत्री इरावती केळुसकर नाही. ‘गडावरची सावली’मधल्या राणीला मिळेल.

“आता का बदलता?” श्यामकांत म्हणाले. “आता तर सीन होता हे सिद्ध झालंय.”

“परीक्षकांना पाठवलेली प्रत छोटीच असणार,” मी म्हटलं. “त्यांनी ताट पाहिलेलंच नाही.”

तसंच झालं. राणी स्टेजवर आली, तिने आईवडिलांचे आभार मानले. इरावती दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. कॅमेरा तिच्यावर क्षणभरच थांबला. मी तिला म्हणणार होते, बाई, मी पाहिलंय. मग लक्षात आलं की आता ते काम जेवढ्या लोकांनी पहिल्या तीन दिवसांत पाहिलं त्यांच्याच डोक्यात आहे. त्यातले किती जण लक्षात ठेवतील? म्हणून जाहिराती लागल्या तसा मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि सगळ्यांना तो प्रसंग पहिल्यापासून सांगितला. फळी कशी होती, ताट ती कुठल्या हातात धरते, पदर कुठे खोचलेला. श्यामकांतांनी एकही चूक काढली नाही. ऐकताना त्यांनी चष्मा पुसला.

बटाटेवडे या वर्षी शकुच्या वाट्याला आले. सगळे गेले. मी टीपॉय आवरत होते. कुंदा खिडकीपाशी होती, पण झालर मोजत नव्हती.

“ताई,” ती म्हणाली, “ती ताटवाली शेवटी रडली का गं?”

मी थांबले. कुंदाला सकाळचा चहा आठवत नाही. तिने ताटवाली धरून ठेवली होती. मला इतका आनंद झाला की मी चटकन म्हणाले, “नाही गं. ती कुठे रडते? तोंडातून एक शब्द काढत नाही.”

“रडली,” कुंदा म्हणाली. “ताटावर पडलं पाणी. तिने पदराने पुसलं.”

मी हातातली बशी धरून उभी राहिले. डोळे मिटून पुन्हा त्या थिएटरच्या अंधारात बसून पाहिलं. फळी दिसली, अंगठा दिसला, चकचकीत ताट दिसलं. पाणी होतं की नव्हतं ते दिसेना. आणि बघायला आता ते कुठेच नव्हतं.

“ताई, रडली ना?”

“हो,” मी म्हटलं. “रडली असेल.”

मग मी तिचा दिवा लावला, भात वाढला, आधी तूप घातलं आणि वरण घालायच्या आधी एकदा थांबून पाहिलं, तूप घातलंय ना.